शलाका वाटणाऱ्याने कोणाच्या बाजूने असावे?



मागच्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो, तेव्हा एका तरुण उपासकाने मला एक प्रश्न विचारला. त्याच्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक आहे आणि त्याला निवडणूक समितीत घेतले आहे. "काका, लोक मतदानालाच येत नाहीत. आठवण करून देणारे मेसेज पाठवायचं काम माझ्याकडे दिलंय. मी कुणाचं नाव घेतलं नाही म्हणजे झालं ना?"

मला पटकन 'हो' म्हणता आले नाही. तीन वर्षांपूर्वी याच प्रश्नात मी स्वतः अडकलो होतो, आणि त्या वेळी जे केले ते बरोबर होते असे मानत असलो तरी त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. त्याला त्या दिवशी अर्धवट उत्तर दिले. पूर्ण उत्तर इथे लिहितो, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण या देशात युनियनचे सभासद आहेत. कोणी हॉस्पिटलात, कोणी पोस्टात, कोणी बस-रेल्वेत, कोणी विद्यापीठात. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही समोर येईल.

मी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या युनियनच्या स्थानिक शाखेची निवडणूक दर तीन वर्षांनी होते. त्या वर्षी मी निवडणूक समितीवर होतो. इंग्रजी बरे लिहितो म्हणून संदेशाचा मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिले, त्याचा मराठीत अर्थ असा होईल : 'गेल्या तीन वर्षांत आपण मिळवलेले हक्क टिकवण्यासाठी मतदान करा.' मला ते वाक्य छान वाटले होते. समितीत एक वयस्क फिलिपिनो नर्स होत्या. त्यांनी पेन्सिलीने 'गेल्या तीन वर्षांत' पासून 'टिकवण्यासाठी' पर्यंत रेघ ओढली आणि विचारले, "हे हक्क मिळवले कोणी?" विद्यमान अध्यक्ष पुन्हा उभे होते. मी त्यांचे नाव घेतले नव्हते, त्यांना मत देणारही नव्हतो, तरी माझ्या लेखणीतून त्यांचाच प्रचार निघाला होता. उलट बाजूने 'बदलाची वेळ आली आहे, मतदान करा' असे लिहिले असते तर तो आव्हान देणाऱ्यांचा प्रचार झाला असता. शेवटी जे उरले ते रुक्ष होते. निवडणूक अमुक तारखेला, अमुक जागी, अमुक वेळेत, उमेदवारांची यादी फलकावर, मतपत्रिका गुप्त, शंका असल्यास समितीला विचारा.

अमेरिकेत या गोष्टीला कायद्याचा आधार आहे. १९५९ चा लेबर-मॅनेजमेंट रिपोर्टिंग अँड डिस्क्लोजर ॲक्ट, ज्याला लँड्रम-ग्रिफिन कायदा असेही म्हणतात, तो खाजगी क्षेत्रातल्या युनियनांना लागू आहे. (केवळ राज्य सरकारच्या किंवा महापालिकेच्या नोकरांची युनियन असेल तर तो लागू होत नाही.) त्यानुसार स्थानिक शाखेची निवडणूक किमान दर तीन वर्षांनी आणि गुप्त मतदानाने व्हावी लागते. मतदानाची सूचना किमान १५ दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या घरच्या पत्त्यावर टपालाने जावी लागते. आणि युनियनचा पैसा कोणत्याही उमेदवाराला पुढे आणण्यासाठी वापरता येत नाही. सूचना देणे, निवडणूक पार पाडणे यासाठीचा खर्च तेवढा चालतो. एखादा मजकूर सूचना आहे की प्रचार, हे ठरवताना त्यातले शब्द, त्याचा सूर आणि तो पाठवण्याची वेळ अशा तिन्ही गोष्टी पाहतात. म्हणजे फक्त नाव गाळून सुटका होत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्या लोकांना ती ठाऊक नसते. बंदी फक्त युनियनच्या पैशावर नाही, मालकाच्या पैशावरही आहे, आणि इथे 'मालक' म्हणजे तुमचाच मालक असे नव्हे. कोणताही मालक. तुमच्या मित्राचे छपाईचे दुकान असेल, त्यात दोन माणसे कामाला असतील आणि त्याने प्रेमापोटी तुमची पत्रके फुकट छापून दिली, तर तेही कायद्याविरुद्ध आहे.

पण कायदा हा आपल्या वार्तापत्राचा विषय नाही. मला पडलेला प्रश्न कायद्याचा नव्हताच.

त्या निवडणुकीत आपल्या विहारात येणाऱ्या एक ताई उपाध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. त्यांची एक मागणी होती : पुढच्या करारात भेदभावविरोधी कलमात वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला 'जात' हा शब्द यावा. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात घातली, हे त्या सगळ्यांना सांगत फिरत होत्या. आमच्या हॉस्पिटलात भारतीय पुष्कळ आहेत. आडनाव विचारून, गाव विचारून, 'तुम्ही मांसाहारी का?' असे सहज विचारून जात कशी काढली जाते, हे मी इथे समजावून सांगायला नको. ताईंनी ते सोसले होते. मीही सोसले आहे. विद्यमान मंडळाचे म्हणणे होते की हा 'एका देशातला अंतर्गत वाद' आहे.

मतदानाला दहा दिवस असताना ताईंचा फोन आला. "भाऊ, यादी तुमच्याकडेच आहे ना? नाइट शिफ्टवाल्यांना एक जास्तीचा मेसेज जाऊ द्या. माझं नाव नको, काही नको. नुसतं 'मतदान करा' एवढंच. दर वेळी तेच लोक मागे राहतात."

नाइट शिफ्टमध्ये ताईंचे पाठीराखे जास्त होते. हे त्यांना माहीत होते, मलाही माहीत होते.

त्या मागणीत काय काय नव्हते, ते पाहा. खोटे काही नव्हते. कोणाची निंदा नव्हती. संदेशाचे शब्द त्या फिलिपिनो नर्सच्या पेन्सिलीतूनही सुखरूप सुटले असते. आणि 'तेच लोक मागे राहतात' हेही खरे होते. मग त्यात वावगे काय, हे मला लगेच सांगता येईना. मुसावादा वेरमणी, असत्य न बोलण्याचे शील, इथे मोडत नव्हते. दोन रात्री विचार केल्यावर ध्यानात आले की मी चुकीच्या शिलाकडे पाहत होतो. प्रश्न दुसऱ्या शिलाचा होता : अदिन्नादाना वेरमणी, जे दिलेले नाही ते न घेणे. ती यादी माझी नव्हती. प्रत्येक सभासदाने आपला फोन आणि पत्ता युनियनला दिला होता, आणि युनियनने ती यादी समितीला एका कामासाठी दिली होती. संदेशाचा खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून होत होता. ज्याला ताई निवडून यायला नको होत्या, त्याचीही वर्गणी त्यात होती. त्याच्याच पैशाने, त्याने विश्वासाने दिलेल्या यादीतून, मी त्याच्या विरोधातले पारडे जड करणार होतो. प्रत्येक शब्द खरा ठेवूनही हे घडू शकते.

आता विनयपिटकाकडे वळतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आठवण करून दिली की भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते : बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान. आपण ते भाषण दरवर्षी संविधान दिनाला वाचतो आणि अभिमानाने पुढे जातो. त्यातल्या एका गोष्टीशी मी थोडा थांबलो. चुल्लवग्गात बहुमताने वाद मिटवण्याची रीत सांगितली आहे. मत देण्यासाठी शलाका, म्हणजे काड्या, वापरत. त्या काड्या वाटायला आणि गोळा करायला संघ एक भिक्खू नेमत असे. तो शलाकाग्राहापक. त्याच्या अंगी पाच गोष्टी असाव्या लागत. तो छंदाने, म्हणजे आवडीने, वाहवत जाणारा नसावा. द्वेषाने, मोहाने, भयाने वाहवत जाणारा नसावा. आणि कोणी शलाका घेतली, कोणी घेतली नाही, हे त्याला नीट कळावे.

पहिल्या चार आपल्याला परिचित आहेत, चार अगती म्हणून त्या आपण ऐकतो. मला मोलाची वाटली ती पाचवी. कोणी घेतली आणि कोणी घेतली नाही! आजच्या भाषेत ती मतदारयादी आहे आणि कोणी मतदान केले त्याची खूण आहे. म्हणजे ज्याच्या हातात यादी, त्याच्याच मनाची परीक्षा आधी घेतलेली आहे. काड्या वाटणारा भिक्खू कोणालाही काही खोटे सांगत नसला, पण आपल्या आवडीच्या कुटीपाशी दोनदा गेला आणि दुसऱ्यांच्या कुटीपाशी एकदाच, तर त्याने छंदाची अगती धरली. तिथेच आणखी एक अट आहे : लोकांनी आपापल्या दृष्टीप्रमाणे शलाका घेतली नसेल, तर ते मतदान ग्राह्य नाही.

इथवर सगळे सोयीचे आहे. पण त्याच ठिकाणी एक अडचणीची गोष्ट आहे. ती लपवणे मला बरे वाटत नाही. गुप्त रीतीने शलाका घेतल्यावर अधर्मवादी जास्त आहेत असे आढळले, तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून वाटणाऱ्याने त्या परत घ्याव्यात, असेही तिथे सांगितले आहे. उघड मतदान केव्हा घ्यावे? तर धर्मवादी जास्त आहेत याची आधीच खात्री असेल तेव्हा. म्हणजे वाटणारा मनाने निष्पक्ष हवा, पण निकाल धम्माच्या बाजूने लागेल हेही त्यानेच पाहायचे.

ताईंची बाजू मला धम्माची बाजू वाटत होती. मग हा आधार मी का घेऊ नये?

मी त्यावर पुष्कळ विचार केला. एक तर तो नियम संघातल्या धम्म-विनयाच्या वादासाठी आहे, पदावर कोणाला बसवायचे यासाठी नाही. पण एवढ्याने माझे समाधान होत नाही, ही पळवाट झाली. खरे सांगायचे तर मला ती तरतूद पटत नाही. हे लिहायला मी कचरत नाही, कारण परीक्षा करून स्वीकारा हे आपल्याला कालामसुत्ताने शिकवले आहे आणि बाबासाहेबांनी त्याच वाटेने आपल्याला धम्म दिला. जो मोजतो तोच 'हे धर्मवादी, हे अधर्मवादी' असे ठरवू लागला की त्याचा मोह त्याला स्वतःला कधीच दिसत नाही. आमच्या अध्यक्षांनाही आपली बाजू न्यायाचीच वाटत होती. त्यांच्या समितीतल्या माणसाने यादी वापरली असती तर मी काय म्हटले असते, हे मला नीट ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी स्वतः निवडणूक घेणारी यंत्रणा उभारली, तेव्हा काय केले? १५ जून १९४९ ला त्यांनी संविधान सभेत स्वतंत्र निवडणूक आयोगाचे कलम मांडले. आधीचा विचार असा होता की प्रांतांच्या निवडणुका प्रांतांनीच पाहाव्यात. तो त्यांनी बदलला, आणि कारण स्पष्ट सांगितले : काही प्रांतांत जे लोक वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने 'आपले' नाहीत त्यांची नावे मतदारयादीत येऊ नयेत असे प्रकार चालले होते. कोणी मतपेटी पळवली नव्हती. नुसती यादी करताना हात आखडता घेतला जात होता. म्हणून ती यादी सत्तेवर असलेल्यांच्या हातून काढून घ्या, असे त्यांनी सांगितले. ज्या माणसाला देशातल्या दुर्बलांच्या बाजूने झुकण्याचा सर्वात जास्त अधिकार होता, त्याने आयोगाला 'दुर्बलांच्या बाजूने झुका' असे सांगितले नाही. कोणाच्याच बाजूने झुकू नका, असा आयोग त्याने मागितला. आणि स्वतः मात्र आयुष्यभर एका बाजूने उभा राहून लढला. स्वतंत्र मजूर पक्ष काढला, मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, निवडणुका लढवल्या, १९५२ मध्ये मुंबईत हरला. उमेदवाराची जागा वेगळी आणि मोजणाऱ्याची जागा वेगळी. आपण मात्र एकाच वेळी दोन्ही खुर्च्यांवर बसायला बघतो.

'पण आपलं ध्येय चांगलं आहे' असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी या देशातलीच एक गोष्ट. टीमस्टर्स ही ट्रकचालक आणि मालवाहतूक कामगारांची मोठी युनियन. माफियाच्या पकडीतून सोडवण्यासाठी १९८९ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्याने तिथे सभासदांच्या थेट मतदानाची सोय झाली आणि १९९१ मध्ये रॉन केरी निवडून आले. ते स्वतः यूपीएसचे ड्रायव्हर होते, सुधारकांचा माणूस. १९९६ मध्ये ते थोड्या फरकाने पुन्हा जिंकले. ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली यूपीएसच्या सुमारे १,८५,००० कामगारांनी संप केला आणि जिंकला. अमेरिकेतल्या कामगारांना कित्येक वर्षांत असा विजय मिळाला नव्हता. संप मिटून आठवडाही झाला नाही तोच १९९६ ची निवडणूक रद्द ठरली. युनियनच्या तिजोरीतला पैसा बाहेरच्या राजकीय संस्थांना दिला गेला होता. देशाच्या १९९६ च्या निवडणुकीत मतदारांना घराबाहेर काढण्यासाठी, असे त्यासाठीचे कारण दाखवले होते. त्या बदल्यात केरी यांच्या प्रचाराला देणग्या मिळाल्या. पुढे केरी यांना पुन्हा उभे राहायला बंदी झाली. १९९८ च्या फेरनिवडणुकीत जेम्स हॉफा जिंकले आणि सुधारकांच्या हातून युनियन गेली. केरी यांच्यावर खोटे बोलल्याचा खटला झाला, त्यातून २००१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. पण तोवर सगळे होऊन गेले होते. 'मतदान करा' हे सांगण्याच्या पुण्यकर्माच्या नावाखाली ते चालले होते, हे मला विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, एका जास्तीच्या मेसेजने काय होते? युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनमध्ये भ्रष्टाचाराच्या मोठ्या प्रकरणानंतर सभासदांना प्रथमच अध्यक्ष थेट निवडण्याचा हक्क मिळाला. २०२२ च्या पहिल्या फेरीत सुमारे दहा लाख मतपत्रिका टपालाने गेल्या आणि एक लाखाच्या थोड्या वर परत आल्या. २०२३ च्या दुसऱ्या फेरीत शॉन फेन यांना ६९,४५९ आणि रे करी यांना ६८,९७६ मते पडली. फरक ४८३. जिथे दहातले नऊ लोक घरीच बसतात, तिथे दहाव्याला उठवायला कोण गेले, कोणत्या दारी गेले, यावर निकाल फिरू शकतो. मतदान जितके कमी, तितके आठवण देणाऱ्याचे बळ जास्त. म्हणूनच त्याने आपले हात जास्त बांधून घ्यायला हवेत.

पण ताईंच्या बाजूलाही एक मोठा युक्तिवाद होता. समितीने गप्प बसणे म्हणजे निष्पक्षता नव्हे. विद्यमान पदाधिकाऱ्यांचे नाव सर्वांना माहीत असते, त्यांना युनियनचे पत्रक मिळते, कामाच्या वेळेत त्यांना फिरता येते. समितीने नुसते हात जोडून 'आम्ही कोणाचेच नाही' म्हटले, तर ज्याच्या हातात आधीपासून सगळे आहे त्याचाच फायदा होतो. आपल्या लोकांनी ही 'निष्पक्षता' शाळेत, कचेरीत, कोर्टात पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. तिचा राग येणे साहजिक आहे.

म्हणून आम्ही काही गोष्टी केल्या. निवडणुकीच्या महिन्यात निघणारे युनियनचे पत्रक मागवून पाहिले. चार पानांत अध्यक्षांचे सहा फोटो होते. समितीने लेखी कळवले की हा अंक असा जाऊ शकत नाही. अध्यक्ष माझ्याशी काही दिवस बोलले नाहीत. ताईंना मी सांगितले की कायद्याने तुम्हाला एक हक्क आहे, तुमच्या खर्चाने तुमचे पत्रक युनियनने सगळ्या सभासदांना पाठवलेच पाहिजे, आणि ते इतर उमेदवारांनाही तसेच लागू आहे. मतदानाच्या आणि मोजणीच्या जागी आपला निरीक्षक ठेवण्याचा हक्कही त्यांना सांगितला. हे दोन्ही त्यांना कोणी सांगितले नव्हते. अध्यक्षांना मात्र ते आधीपासून तोंडपाठ होते.

नाइट शिफ्टचे काय करायचे, हा सगळ्यात अवघड भाग होता. ते मागे राहतात ही ताईंची तक्रार खरी होती आणि कारण साधे होते : मतदान सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, म्हणजे ते झोपलेले असताना. मी समितीपुढे मांडले की जास्तीचा मेसेज नको, मतदानाची वेळ वाढवा. सकाळी सहा ते रात्री नऊ, म्हणजे शिफ्ट सुटताना आणि लागताना दोन्ही वेळा त्यांना थांबता येईल. सगळ्या उमेदवारांना बोलावून ते लेखी कळवले आणि नव्या वेळेचा एकच संदेश सर्व सभासदांना एकाच वेळी गेला. तोच मजकूर स्पॅनिश आणि टागालोगमध्येही. हा निर्णय उमेदवारी अर्ज भरण्याआधी व्हायला हवा होता, कारण नंतर केलेल्या चांगल्या बदलातही कोणाचा तरी फायदा दिसतोच. अध्यक्षांच्या माणसांनी तसे बोलूनही दाखवले, आणि तेवढ्यापुरते त्यांचे बरोबर होते. तुम्ही समितीवर असाल तर कोण उभे आहे हे कळण्याआधीच ठरवून टाका : किती संदेश, कोणत्या दिवशी, कोणत्या भाषांत, आणि सगळ्यांना. मग पुढे कोणाचाही फोन आला तरी दाखवायला कागद हातात राहतो.

ताई हरल्या. फार थोड्या मतांनी.

निकालानंतर पार्किंगमध्ये त्या मला म्हणाल्या, "तुम्ही नियम पाळलात भाऊ. त्यांनी जात पाळली." माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते. पुढच्या करारात 'जात' हा शब्द आला नाही. मी तो मेसेज पाठवला असता तर कदाचित आला असता. तीन वर्षांत असे किती तरी प्रसंग घडले, जेव्हा तो शब्द करारात असता तर कोणाला तरी तक्रार लिहायला कलम मिळाले असते. मी बरोबर केले असे मला वाटते, पण ते वाटणे मला फुकट मिळालेले नाही आणि ताईंना तर मुळीच नाही. काही महिने त्या वंदनेलाही येत नव्हत्या.

विहारातही यावरून बोलणे झाले. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले की तू उपेक्षेच्या नावाखाली आपल्या माणसाची उपेक्षा केलीस. मी त्यांचा आदर करतो, तरी मला ते मान्य नाही. ब्रह्मविहारातली उपेक्षा मैत्री आणि करुणेनंतर येते, त्यांना वगळून नाही. ताईंबद्दल मला ममत्व होते म्हणूनच तो फोन अवघड गेला. ज्याला काहीच वाटत नाही त्याला समितीवर बसणे सोपे जाते. पण मग पत्रकातले सहा फोटो मोजायचा त्रास तरी तो कशाला घेईल?

त्या तरुण उपासकाने विचारले होते, नाव घेतले नाही म्हणजे झाले ना? बाळा, नाव न घेणे ही पहिली पायरी. मग स्वतःला विचार : हाच संदेश, याच यादीला, याच दिवशी जातोय हे सगळ्या उमेदवारांसमोर मोठ्याने सांगायला मला संकोच वाटेल का? माझ्या 'मतदान करा' या वाक्याच्या पुढे-मागे असा एखादा शब्द आहे का, जो एकाच उमेदवाराला आवडेल? आणि ज्याला मी मत देणार नाही, त्याच्या लोकांपर्यंत माझी शलाका पोचली का?

या वर्षी आमची निवडणूक पुन्हा आली आहे. ताई पुन्हा उभ्या आहेत, या वेळी अध्यक्षपदासाठी. जानेवारीत त्यांचा फोन आला. "भाऊ, या वेळी समितीत तुम्ही जाऊ नका. बाहेर राहा आणि माझ्यासोबत फिरा." मी समितीसाठी नाव दिले नाही. यादीही आता माझ्याकडे नाही. सुटीच्या दिवशी आम्ही दोघे गेटबाहेर उभे राहून पत्रके वाटतो. त्यात 'जात' हा शब्द सगळ्यात वर, ठळक अक्षरात आहे. आपल्याच एका मित्राचे छपाईचे दुकान आहे, तो फुकट छापून देतो म्हणत होता. त्याला नको म्हटले, दुसरीकडे पूर्ण पैसे भरून छापली आणि पावती जपून ठेवली आहे.